मऊ आवाज

प्रशिक्षकांचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि बाईंनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र चांगलं होतं. शिबिराला आलेल्या प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाबद्दल सविस्तर लिहावं, मी स्वतः वाचेन, असं त्यात होतं. घरच्या पत्त्यावर पाठवा, कार्यालयात टपाल हरवतं, अशी खाली टीप.

पण लिहिणार काय? शिबिरातलं काहीच वर्गात जमलं नव्हतं.

बाईंना शाळेत सगळे भोंगा म्हणत. आवाज वरच्या मजल्यावरून फाटकापर्यंत पोचायचा. पालकांच्या तक्रारी आल्या म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना मुलांना समजून घ्यायला शिकवणाऱ्या या शिबिराला धाडलं. बाई नाक मुरडत गेल्या आणि भारावून परतल्या. प्रशिक्षकांनी एका शिक्षिकेला मूल समजून खुर्चीत बसवलं, स्वतः तिच्यापुढे गुडघे टेकले आणि मऊ आवाजात म्हणाले, "मी रागावलो नाही. आपल्याला घाई नाही." ती शिक्षिका चक्क रडली. आपल्या लहानपणी असं कुणी असतं तर, असं बाईंच्या मनात येऊन गेलं.

वर्गात त्यांनी हे पहिल्यांदा करून पाहिलं ते चष्मेवाल्या मुलापुढे. आईने दुसरं लग्न केल्यावर तो वर्षाच्या मध्येच या शाळेत आला होता. त्याच्या नव्या बाबांना शाळेत कुणी पाहिलं नव्हतं. पोरगं हुशार, पण सारखं गैरहजर.

बाईंनी गुडघे टेकले. "मी रागावले नाही. आपल्याला घाई नाही."

मुलाने चष्मा काढला, नीट मिटून डबीत ठेवला आणि डोळे घट्ट बंद करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशीही तेच. पुढच्या वेळी तो थरथरायला लागला, तेव्हा बाईंनी नाद सोडला.

"भोंगा बिघडला वाटतं?" चित्रकलेचे सर चहा पिता पिता म्हणाले. "तुमच्या ओरडण्यावर घड्याळ लावायचो मी."

"नवं घड्याळ घ्या. मला जरा माणसासारखं वागायचंय."

पण एक दिवस मागच्या बाकावर जुंपली आणि बाईंचा जुना आवाज सुटला. खिडक्या हादरल्या. सगळा वर्ग चिडीचूप झाला आणि चष्मेवाला मुलगा मात्र हसला.

मधल्या सुट्टीत तो आपणहून टेबलाशी आला.

"बाई, तुम्ही ओरडता तेच बरं आहे."

"का रे?"

"ओरडलात की संपतं तुमचं. नंतर काही होत नाही."

"आणि न ओरडणाऱ्यांचं?"

तो खडूचा तुकडा बोटांनी चुरत राहिला. मग म्हणाला, घरी आधी चष्मा काढायचा असतो, नाहीतर काच डोळ्यात जाते. त्याने पाठ फिरवून शर्ट वर केला. पाठभर वळ होते, जुन्यांवर नवे.

"कोण करतं हे?"

तो शर्ट खोचत एवढंच म्हणाला, "सांगू नका ना कुणाला. त्यांना कळलं तर आईलापण सोडणार नाहीत."

"नाही सांगत."

पण गप्प तरी कसं बसायचं? मुख्याध्यापकांना सांगावं, तर ते आधी घरीच निरोप धाडणार. पोलिसांत जावं, तर ते दारात जाऊन चौकशी करणार, आणि ते निघून गेले की दार लागणार. घाई न करता, कुणाला पत्ता न लागू देता यातून वाट काढू शकेल असा एकच माणूस बाईंना ठाऊक होता.

रिकाम्या तासाला त्यांनी प्रशिक्षकांना लिहायला घेतलं. नाव तेवढं गाळलं. बाकी सगळं लिहिलं: पाठ, चष्मा, आईचं दुसरं लग्न, आपला संशय नव्या वडिलांवर आहे हेसुद्धा. मुलाने स्वतः तोंड उघडलंय, आता पुढे काय करू ते तुम्हीच सांगा.

शाळा सुटल्यावर मुलगा त्यांच्यासोबत निघाला. त्याचा रस्ताही तोच होता. आज तो बडबडत होता, गणिताच्या सरांची नक्कल करत होता, आणि बाईंना कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी त्या थांबल्या. पाकीट जाड झालं होतं, फटीत अर्ध्यावर अडकलं. बाई ते रेटत असताना मुलगा मान तिरकी करून पत्ता वाचत होता. मग पाकीट एकदम सुटलं आणि तळाशी पडल्याचा आवाज आला.

"बाई," तो म्हणाला, "नव्या बाबांना काय लिहिलंत तुम्ही?"