‘नौका एकोणीस’चा स्वयंपाकी

संगमेश नावाच्या माणसाने चटणीचा विषय काढला, तेव्हा सिद्धारामच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

‘आमच्या ओळखीत एक दुकानदार आहेत,’ संगमेशने लिहिलं होतं. ‘मिक्सरची शेंगाचटणी मला चालत नाही, उखळातलीच पाहिजे, असं चारचौघांत सांगतात. चार वर्षं मिक्सरचीच खातायत.’

चारचौघांत असं सांगणारा दुकानदार सिद्धारामच होता. नवी पेठेत त्याचं टॉवेल-चादरींचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. गिऱ्हाईक नसलं की तो गल्ल्यावर बसून मोबाइलवर ‘नौका एकोणीस’ बघायचा. अंतराळात भरकटलेल्या यानाची मालिका. ती आवडण्याचं खरं कारण म्हणजे यानावरच्या स्वयंपाक्याचं नाव सिद्धाराम होतं.

या आठवड्यात यंत्राच्या घोटाळ्याने कॅप्टनचा जीव स्वयंपाक्याच्या अंगात गेला आणि स्वयंपाक्याचा कॅप्टनच्या. स्वयंपाक्याने यान झकास चालवलं. कॅप्टनने मात्र एका दिवसात दोन पातेली जाळली, आणि कोणी ‘झालं का’ विचारलं की त्याला रडू कोसळायचं. पोट धरून हसलो, असं बहुतेक प्रेक्षकांनी खाली लिहिलं होतं.

सिद्धाराम तिथे ‘अक्षता’ या नावाने मत द्यायचा. बाईच्या नावाने लिहिलं की लोक नीट उत्तरं देतात, असा त्याचा अनुभव. ‘भाग फार ताणला. स्वयंपाकात एवढं अवघड काय आहे? कळावे,’ असं त्याने ठोकून दिलं. व्यापाऱ्याने लिहिलेलं काहीही ‘कळावे’ने संपवायचं, हे वडिलांनी लावलेलं वळण मोबाइलवरही सुटलं नव्हतं.

त्यावरच संगमेश, मुक्काम करमाळा, तुटून पडला होता. ‘अक्षताताई, बाई असून असं कसं म्हणता? ते स्वयंपाकी बिचारे बरोबर आहेत.’ आणि पुढे ती चटणी.

सिद्धाराम जेवायला वर गेला. उखळावर बोटभर धूळ होती. त्याची बायको गिरिजा भाकरी थापत होती आणि पिठाच्या डब्याला टेकवून तिने मोबाइल उभा केला होता. त्याला बघताच तिने तो पालथा घातला.

“कुणाशी बोलत होतीस?”

“कुणाशी न्हाय. बघत होते की.”

“काय?”

“भाकरीची रेसिपी.”

भाकरीची रेसिपी बघणारी सोलापुरातली ती पहिलीच बाई असावी. सिद्धाराम पाटावर बसला. जिन्यात कुरियरवाला आला होता. “मालकांचं नाव काय लिहू?” असं त्याने विचारलं.

“खाली पाटीवर हाय की. बघून लिहा,” गिरिजा म्हणाली.

सिद्धारामचं तिकडे लक्ष नव्हतं. तो तिच्या पालथ्या मोबाइलकडे बघत होता. “आमटीत मीठ लई पडलंय,” तो म्हणाला, काहीतरी बोलायचं म्हणून.

दुसऱ्या दिवशी संगमेशचं नवं मत आलं. ‘काही लोक मोबाइलकडे बघत जेवतात आणि मीठ जास्त झालं म्हणतात. मीठ घालायचं राहिलेलंच असतं.’

सिद्धारामने ते पुन्हा पुन्हा वाचलं. सव्वीस वर्षांच्या संसारात गिरिजाने त्याला एवढं रंगवून कधी काही सांगितलं नव्हतं. करमाळ्याच्या कुण्या परक्या माणसाला मात्र ती घरातलं मीठ-मिरचीसुद्धा सांगत होती. आपण तिच्या मनातून उतरलो, असं त्याला वाटलं आणि गिऱ्हाइकासमोर चादरीची घडी दोनदा चुकली.

शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातला चनमल्लप्पा त्याचा जुना दोस्त. त्याला सिद्धारामने सगळं सांगितलं, अक्षताचंसुद्धा.

चनमल्लप्पा आधी हसला, मग गंभीर झाला. “वहिनींवर असा आळ घेतोस, पुरावा काय?”

“हे बघ. दोनशे लोकांनी लिहिलंय. सगळे सरळ सिद्धाराम म्हणतात. हा एकटाच ‘ते स्वयंपाकी’. एकदा पण नाव न्हाय.”

चनमल्लप्पाने चष्मा वर करून सगळं वाचलं. “खरंय की. तुजं नाव लिवायला त्याचा हात धजत न्हाय. मनात पाप असलं की असंच व्हतंय.”

“मग काय करू?”

“लिवून दाखव म्हण. कचरला तर धरला.”

सिद्धाराम दुकानात परत आला. खरं कळलं तर काय करायचं, हे त्याने ठरवलं नव्हतं. वर जाऊन भांडायची त्याच्यात ताकद नव्हती, आणि गिरिजा निघून गेली तर, इथपर्यंत विचार आला की तो पुढे सरकतच नव्हता. शेवटी त्याने लिहिलं. ‘संगमेशभाऊ, सगळे स्वयंपाक्याचं नाव घेतात, तुम्हीच का टाळता? एकदा लिहून दाखवा. कळावे.’

चार वाजले. वरून कपावर चमचा वाजला. चहा झाला की गिरिजा लग्नापासून अशीच बोलवायची. एरवी सिद्धाराम हातातलं टाकून जायचा. आज तो हलला नाही. उत्तर आल्याशिवाय तिच्यासमोर बसणं त्याला जमणार नव्हतं.

चमचा पुन्हा वाजला, जरा जोरात. मग बराच वेळ शांत. एक गिऱ्हाईक टॉवेलचा भाव विचारून निघून गेलं.

मोबाइल थरथरला. संगमेशचं उत्तर होतं.

‘अक्षताताई, ते नाव लग्नात एकदा घेतलंय, तेवढं पुरे. वर या, चहा गार होतोय. कळावे.’