न झालेल्या देशाची पाटी

"डोळे मीट," तो म्हणाला. "गाडी वळली, मागची पाटी दिसली. काय दिसतंय?"

"पांढरी पाटी, काळी अक्षरं. नंबऱ्या, किती वेळा तेच तेच?"

"चौकशीतले वकील सतरा वेळा विचारतील. मी निदान चहा तरी देतो."

"चहा कसला, पाणी आहे नुसतं," ताई म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

लहानपणी तो रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर घोकायचा, म्हणून घरात त्याला नंबऱ्या हे नाव पडलं. मोठेपणी त्याने त्याचाच धंदा केला. मात्र तो ज्यांच्या नंबरपाट्या बनवायचा ते देश कधी झालेच नव्हते. राजा पळालाच नाही तो देश, बंड फसलं नाही तो देश, नदीच्या दोन काठांवर दोन सरकारं बसली तो देश. सिनेमावाले, कादंबरीवाले, हौशी संग्राहक त्याच्याकडे येत. कारखान्याची भिंत अशा पाट्यांनी भरलेली होती.

त्याचं काम चोख असे. "बंड यशस्वी झालं तरी पत्रा जुन्याच गोदामातला असतो," तो म्हणायचा. "नवा झेंडा जुन्या भोकांवरच ठोकावा लागतो." त्यामुळे त्याच्या पाट्या खऱ्या वाटायच्या. एक सिनेमा पाहून आलेल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने तर छातीठोकपणे सांगितलं होतं, "ही पाटी मी तरुणपणी रोज बघायचो." त्यावर दाजी पोट धरधरून हसले होते.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. त्यांचा छापखाना होता, आणि कुणाची पत्रकं छापायची नाहीत हे त्यांना कधी कळलंच नाही. एका सकाळी दारात गाडी थांबली, दोघे उतरले आणि दाजींना घेऊन गेले. ताई अनवाणीच फाटकापर्यंत धावली. गाडी वळताना तिने पाटी पाहिली.

अशी कुठली गाडी आलीच नव्हती, असं सरकारचं म्हणणं होतं. बरीच ओरड झाल्यावर चौकशी समिती नेमली गेली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानेही गाडी पाहिली होती. त्याने समितीपुढे तिचा नंबर बिनचूक सांगितला. त्यानंतर त्याच्या दुकानाचं शटर उघडलं नाही. तो गावाला गेला, असं म्हणत. पण त्याच्या बायकोला ते गाव माहीत नव्हतं. समितीच्या कागदांतून तो नंबरही गळाला.

उरली ती ताई.

"नाही गेलीस तर?" त्याने एकदाच विचारून पाहिलं होतं.

"मग ते परत आल्यावर कुठल्या तोंडाने दार उघडू?"

"आणि तुझंच काही झालं तर?"

"तर तू आहेस ना पाट्या बनवायला. माझ्या नावाची एक बनव."

त्याने हातातला पत्रा खाली ठेवला. मग म्हणाला, "ठीक आहे. जायचंच असेल तर तयारी पक्की करू."

पहिल्या दिवशी तिने जे सांगितलं ते त्याने खडूने फळ्यावर लिहिलं, एकदा वाचलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. "आधी पाटी कोरी करायची," तो म्हणाला. "घोकलेलं आणि पाहिलेलं यांची गल्लत होते." ताईला ते पटलं. या बाबतीत त्याचा शब्द घरात शेवटचा असायचा.

मग तो प्रश्न विचारत गेला. शेवटच्या दोन अंकांआधी जागा सोडलेली होती का? डावीकडे अरुंद पट्टी होती का?

"पट्टी? असेल."

"खास खात्याच्या गाड्यांना असते. तुमच्याआमच्या नजरेस पडत नाही."

दुसऱ्या दिवशी ताई स्वतःहून म्हणाली, "पट्टी होती." त्यानंतर म्हणाली, "हिरवी होती, नाही का रे?"

"मला कशाला विचारतेस? तू पाहिलीस."

"हिरवीच."

तो कागदावर काढत गेला. ती कधी मान हलवायची, कधी म्हणायची, "सात जरा वाकडा कर." शेवटी त्याने पत्रा कापला, अंक ठोकले, रंग भरला आणि पाटी तिच्यासमोर उभी केली.

ताईने तोंडावर हात ठेवला. "हीच," ती म्हणाली आणि रडू लागली. दाजींना नेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला.

समितीच्या दालनात पंखे घरघरत होते. अध्यक्ष म्हणजे एक थकलेले निवृत्त न्यायाधीश. मागच्या बाकावर स्वच्छ दाढी केलेले दोघे बसले होते. औषधवाल्याच्या जबानीलाही ते याच बाकावर होते.

ताई उभी राहिली. आवाज जराही कापला नाही. पट्टी, जागा, वाकडा सात, सगळं तिने एका दमात सांगितलं आणि पाटी टेबलावर ठेवली. "मरेपर्यंत विसरणार नाही," ती म्हणाली.

वाहन खात्याच्या अधिकाऱ्याने पाटी उलटसुलट पाहिली. "अशी नंबरांची मालिका आमच्याकडे नाही, साहेब."

"खास खात्याची आहे," ताई म्हणाली. "यांना ठाऊक नसेल. माझ्या भावाला विचारा. पाट्यांमधलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही."

अध्यक्षांनी त्याला पुढे बोलावलं. "कोणत्या खात्याची पाटी आहे ही?"

तो उठला. ताई त्याच्याकडे आशेने बघत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"कोणत्याच नाही, साहेब. असा देशच कधी झाला नाही. ही मी रचलीय. ताईने फक्त पाठ केलीय."

दालनात कुणीतरी हसलं. मागच्या बाकावरचे दोघे उठले आणि ताईकडे न बघता निघून गेले.