ओढ्याची पोथी

"हा वाचक म्हणजे यंत्र आहे," संपादक स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले. "माणूस इतकं हळू वाचत नाही."

आमच्या वेबसाइटवरचा माझा ओढ्यावरचा लांबलचक लेख सकाळपासून एकच जण वाचत होता, गोगलगाईच्या गतीने. संपादकांनी त्याला ब्लॉक केलं आणि वर मलाच सुनावलं, "एवढं लांबण वाचून माणसाला मिळणार काय?"

तेवढ्यात फोन वाजला. ज्या गावात वर्षभर राहून मी तो लेख लिहिला, तिथल्या सरपंचबाई होत्या.

"ताई, पोथी मधेच बंद पडली बघा! देवळात मोबाइलवरून पारायण चाललंय. ज्याचं नाव येतं तो उठून नमस्कार करतो, म्हणून जरा वेळ लागतोय. आणि पारायण पुरं झाल्याशिवाय कुणी जेवणार नाही."

संपादकांनी धावत जाऊन ब्लॉक काढला. स्पीकरवरून आम्ही शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं.

"हे काय, फलश्रुती नाही?" सरपंचबाई म्हणाल्या. "ऐकून काय मिळणार ते कळल्याशिवाय पानं कशी वाढायची?"

संपादकांनी कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला.

"लिही पटकन," ते घामाघूम होऊन म्हणाले, "गाव उपाशी आहे."