फाटकापुढची पांढरी शेवंती

"मावशी, ते तिरकं झालंय बघा!" सोदाम ओरडली.

मालजाने पुष्पचक्र सरळ केलं. मयताला पाठवतात तसलंच, पुरुषभर उंच. शेवयांच्या कारखान्याचं फाटक पांढऱ्या शेवंतीनं पार झाकून गेलं होतं. मेलं मात्र कुणीच नव्हतं.

चक्रांवरच्या मजकूर लिहिलेल्या फिती वाऱ्यावर फडफडत होत्या.

कू साहेबांच्या हातांना श्रद्धांजली.

बुसानहून, एक अनोळखी.

मीही. तेव्हा फोन नव्हते.

पॅकिंगमधल्या सोदामने कू साहेबाचे चाळे फोनवरून नेटवर लिहिले आणि कंपनीने तिला बजावलं: शुक्रवारपर्यंत लिहिलेलं मागे घे, नाहीतर नोकरी सोड. आज शुक्रवार होता. सोदामने एक अक्षर पुसलं नव्हतं. तिचं लिहिणं वाचून देशभरच्या बायकांनी ही फुलं धाडली होती.

"फोनवर बोटं आपटून साहेब हलतात होय?" पहारेकरी खिदळला.

"तुम्ही तर हललात, काका. फुलांनी खुर्ची पार गटारापाशी ढकलली तुमची."

बायका फिदीफिदी हसल्या. मालजाही हसली. तिचा ऊर भरून आला. काय पोरगी आहे!

मालजा गिम्जेहून पहाटेच्या बसने एकटीच आली होती, तांदळाच्या वड्यांचा डबा घेऊन. अशा ठिकाणी मावशीला कुणी नावगाव विचारत नाही. हातावर वडी पडली की मावशी आपलीच.

सोदामने मात्र हळूच विचारलं, "मावशी, तुमच्या मुलीलाही कुणी असं...?"

"मुलगी नाही गं मला," मालजा म्हणाली. "पण दुखणं घरचंच आहे. खा तू."

दुपारी फाटक उघडलं. कंपनीच्या माणसाने घसा खाकरून सांगितलं: कू यांना कामावरून काढलं आहे, सोदाम कामावर राहील, आणि कू स्वतः तिची माफी मागतील.

एकच गलका झाला. कुणी रडलं, कुणी सोदामला उचललं. कालपर्यंत एकमेकींची तोंडंही न पाहिलेल्या बायका गळ्यात पडल्या. मालजा डोळे पुसून ताठ उभी राहिली.

कू बाहेर आला. सोदामपुढे त्याची मान लवली न लवली, तोच तो गाडीकडे वळला.

मालजा आडवी गेली. "आजी, तू इथं?" तो चपापला. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला.

"कमरेतून वाक," ती म्हणाली. "तुझ्या बापाला शिकवायचं राहून गेलं माझ्याकडून."