उगादीचं तेल

शर्वाणीने तेलाची वाटी पुन्हा गरम करून आणली, तेव्हाही पाट रिकामाच होता.

पाटाभोवतीची रांगोळी तिने उजाडताच काढली होती. पाटामागच्या खुर्चीत तिचे सासरे, अप्पा, नुसत्या पंच्यावर बसले होते. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या सकाळी घरातल्या वडीलधाऱ्याने सगळ्यांच्या डोक्याला तेल लावायचं, मग आंघोळी, मग कडुनिंब-गूळ, आणि त्यानंतरच चहा. अप्पांनी अजून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"अप्पा, गोळी तरी घ्या."

"गोळी कुठे पळून चालली आहे? आधी श्रीवत्स, मग तू, मग गोळी."

त्यांचा उजवा हात मांडीवर पडलेला होता, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवून दिल्यासारखा. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो उचलला जात नसे. संक्रांतीपासून अप्पा रोज पाटावर कळशी पालथी घालून तिच्यावर तो हात फिरवायचा सराव करत होते. आधी हात नुसता घसरायचा. मग टेकायला लागला. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी हसून म्हणाली होती, "एवढी घाई कसली, आजोबा?" त्यावर अप्पा म्हणाले होते, "उगादीला कळशी नसते बाई, पोराचं डोकं असतं."

आतल्या खोलीतून तिच्या नवऱ्याचा, श्रीवत्सचा आवाज येत होता. कामाचा आणि घराचा तोल कसा सांभाळावा, हे तो कंपन्यांमधल्या माणसांना शिकवत असे. सणाला लोक घरी सापडतात, म्हणून आज त्याचे दोन ऑनलाइन वर्ग होते.

"कामं संपत नसतात, मित्रांनो. थांबायचं आपण असतं," तो सांगत होता. "आता आजचंच घ्या. सकाळी मी पाटावर बसलो. माझ्या अप्पांनी, एवढ्या आजारातून उठलेल्या अप्पांनी, थरथरत्या हाताने माझ्या डोक्याला तेल लावलं. फोन नाही, घड्याळ नाही. नुसता तो हात. तोल म्हणजे दुसरं काय असतं?"

शर्वाणीने अप्पांकडे पाहिलं. त्यांना सगळं स्वच्छ ऐकू गेलं होतं.

"लावलं म्हणाला," अप्पा म्हणाले. मग थोडे हसले. "बोलण्याच्या भरात होतं असं. आता येतोय, म्हणजे."

खवट तेल जिभेला लागावं तसं शर्वाणीचं तोंड झालं.

दार उघडलं. श्रीवत्स वर इस्त्रीचा रेशमी सदरा आणि खाली घरातली अर्धी चड्डी अशा वेषात बाहेर आला. नजर फोनमध्ये होती.

"अप्पा, पटकन एक फोटो. वर्गातले सगळे मागतायत."

"बस." अप्पांनी डाव्या हाताने उजवा उचलून वाटीपाशी नेला. बोटं तेलात बुडवली.

"तेल नको हो, अप्पा! अकराला दुसरा वर्ग आहे. केस चिप्प दिसतात कॅमेऱ्यात. नुसता हात ठेवा डोक्यावर."

"नुसता?"

"संध्याकाळी लावा ना तेल."

"संध्याकाळी लावतात का रे कुठे?"

"बरं, उद्या. शर्वाणी, फोन धर. आणि आधी यांचा हात पूस, सदरा नवा आहे."

शर्वाणीने फोन घेतला. "हात तूच पूस," ती म्हणाली.

त्याने पुसला. पंच्याचं टोक धरून एकेक बोट नीट पुसलं, नखांच्या कडासुद्धा. मग पाटावर टेकला. टाचेखाली रांगोळी फिसकटली.

अप्पांनी हात उचलला. डाव्याचा आधार न घेता. मध्ये एकदा तो अडला, थरथरला, पण वर गेला. तसा तो कळशीवरही कधी गेला नव्हता. श्रीवत्सच्या टाळूवर तो टेकला आणि जुन्या सवयीने बोटं केसांत फिरायला लागली.

"हलवू नका, अप्पा. फोटो हलतो."

बोटं थांबली. श्रीवत्सने डोळे मिटले, खांदे सैल सोडले आणि चेहऱ्यावर समाधान आणलं. फोनच्या पडद्यात ते शर्वाणीला अगदी खरं दिसलं. तिने बटण दाबलं.

"आलं? बघू." त्याने फोन तिच्या हातातून घेतला. "वा. अप्पा, तुम्ही थोडं हसायला हवं होतंत. असू दे, हेही भारी वाटतंय." अंगठ्याने काहीतरी लिहीत तो आत गेला. दारापर्यंत फरशीवर टाचेची पांढरी निशाणी उमटत गेली. दार लागलं.

अप्पांचा हात अजून हवेत होता. जिथे डोकं होतं तिथेच. मग तो हळूहळू खाली आला.

"वर गेला," ते म्हणाले. "पाहिलंस?"

"पाहिलं."

"त्याने डोळे मिटले होते."

शर्वाणीने अंबाडा सोडला आणि फिसकटलेल्या रांगोळीत, पाटावर बसली. "लावा, अप्पा."

"आधी मुलाला..." अप्पा बोलायला लागले आणि थांबले.

त्यांनी लगेच वाटीला हात लावला नाही. बोटांवर आता तेलाचा ओशटपणासुद्धा नव्हता. तरी त्यांनी मुलाच्या डोक्यावर टेकलेला तो हात पंच्याला पुसला. उलटा, सुलटा, घासून घासून. मग वाटी जवळ ओढली.