बाजारचे बांगडे

हफीजाचाचीनं उभ्या जन्मात पहिल्यांदाच मासे विकत घेतले. तेही बंदरावर नाही. तिथे सगळे ओळखीचे. रिक्षा करून ती शहरातल्या मासळी बाजारात गेली. तर मासेवाली गंगा तिथेही भेटलीच.

"काय ओ चाची? दोन दोन मुलगे दर्यावर, नि तुमी इथं?"

"तू आपली बांगडे घाल पिशवीत."

दोन मुलगे दर्यावर होते, तीच तर पंचाईत होती. थोरला गुलाम रसूल पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. धाकटा यासीन बापाच्या लहान होडीवर. मोठी जाळी सगळा दर्या खरवडून नेतात, असं यासीन मोर्चात माईकवर बोलला, आणि भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. मासे मात्र दोघंही आईला पाठवायचे. एकाचे शिजवले की दुसऱ्याचा चेहरा उतरायचा. शेवटी, डॉक्टरांनी मासे बंद केलेत असं सांगून चाची डाळीवर आली. माशांवर वाढलेल्या बाईचे हे हाल.

आज तिनं दोघांनाही जेवायला बोलावलं होतं, एकमेकांचं न सांगता. दोघं दारातच थबकले, पण आईसाठी बसले. एकाच दस्तरखानावर दोन मुलगे बघून चाचीला इतका आनंद झाला की तिनं दोघांच्या ताटांत काठोकाठ कालवण वाढलं.

यासीनचा घास हातातच राहिला. "अम्मी, हे बांगडे कुणाचे?"

"बाजारचे. ना तुझे, ना त्याचे. खा."

"बाजारात काय झाडावरनं पडतात? कुणाच्या तरी जाळ्यातलेच ना?"

"सरळ बोल की," गुलाम रसूल म्हणाला. "माझ्या बोटीचे म्हणायचंय तुला."

"मग? लहान होडीला बांगडा ठेवलायत कुठं तुमी?"

"आधी जेवा रे," चाची म्हणाली. "मी दोघांची आई आहे."

"मग तूच सांग, बरोबर कोण?" यासीननं विचारलं.

गुलाम रसूलनंही मान वर करून तिच्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांनी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

चाचीनं दोघांच्या ताटांत आणखी एकेक बांगडा वाढला. आधी यासीन उठला, मग गुलाम रसूल. भरल्या ताटांपुढे बसून ती खूप रडली.

पुढच्या आठवड्यात भाट्याच्या पुलाजवळ गंगानं तिला हाक मारली.

"काय ओ चाची, बांगडे कसे होते?"

"चांगले होते."

"मुलगे जेवले?"

"पोटभर."

"मग आज देऊ? ताजे हायत."

चाचीनं टोपलीकडे क्षणभर पाहिलं.

"नको गो," ती म्हणाली. "डॉक्टरांनी बंद केलेत."