कानसेन

"रेस दे," कानसेन म्हणाले आणि उघड्या बॉनेटमध्ये वाकले.

स्टिअरिंगवर त्यांची लेक बसली होती. तिने ॲक्सिलरेटर दाबला. कानसेनांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. चाळीस वर्षं ते गाड्या अशाच तपासत आले होते. गॅरेजच्या गल्लीत तानसेन कुणी नव्हता, पण कानसेन एकच होता. हे नाव इतकं चिकटलं की खरं नाव फक्त लाइटबिलावर उरलं.

बाजूला गाडीचे मालक उभे होते, निवृत्त मास्तर. सात वर्षं वापरलेली पांढरी सेडान त्यांनी सकाळीच धुऊनपुसून ठेवली होती.

बाकी सगळं बघून झालं होतं. दारांच्या फटी सारख्या होत्या, म्हणजे कुठे ठोकून सरळ केलेली नव्हती. टायर एकसारखे झिजले होते. पायाखालचं मॅट उचलून गंज पाहिला, मागे वाकून धूर हुंगला. डोळ्यांनी आणि नाकाने गाडी पास केली होती. राहिला होता आवाज, आणि जुन्या गाडीत खरं तर तेवढाच बघायचा असतो.

मुठीतून काहीच आलं नाही.

येणारही नव्हतं. वर्षभरात एक कान पुरता गेला होता आणि दुसरा त्याच्या मागोमाग निघाला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून कानसेन कुणापाशी बोलले नव्हते. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, मान डोलवायची. गॅरेजमध्ये गाडी आली की कामगारालाच विचारायचं, "तुला काय वाटतं?" लोकांना वाटायचं, म्हातारा शिकवतोय.

पण आज लेकीची गाडी होती. कारखान्यातली नोकरी गेल्यापासून तिने एकच ठरवलं होतं, गाडी घ्यायची आणि भाड्याने चालवायची. साठवलेलं सगळं यात जाणार होतं. निघताना ती म्हणाली होती, "तुम्ही हो म्हणालात तर हो, बाबा. नाही तर नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण लेकीसमोर कानसेनचा नुसता म्हातारा व्हायचं त्यांच्या जिवावर आलं.

त्यांनी डोळे उघडले आणि बॉनेटच्या कडेने तिच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी ही पोर ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसून राहायची. इंजिनात जरा कुठे वाजलं की बापाच्या आधी हिचं नाक मुरडलेलं असायचं. "ताईंनी नाक मुरडलं, आता खर्च आला," असं म्हणून गिऱ्हाइकं हसायची. ते नाक कधी चुकलं नव्हतं.

"आणखी दे."

तिने आणखी दाबला. ती पापणीही न हलवता त्यांच्याकडेच बघत होती. नाक जागच्या जागी होतं.

कानसेनांचा जीव भांड्यात पडला. स्क्रू ड्रायव्हर फडक्यात गुंडाळत ते म्हणाले, "घेऊन टाक. इंजिन लोणी आहे, लोणी."

मास्तर चमकले. ते काहीतरी पुटपुटले, मग घाईघाईने कागद आणायला आत गेले. कौतुकाने माणूस हरखला, असं कानसेनांना वाटलं.

दुपारी गाडी घेऊन दोघं निघाली. कानसेन खुशीत होते. कुठलं ऑइल घालायचं, किती किलोमीटरला बदलायचं, सगळं सांगत होते. सिग्नलला एक मोटरसायकलवाला शेजारी थांबला. त्याने बॉनेटकडे बोट दाखवलं आणि लेकीला काहीतरी म्हटलं.

"काय म्हणतोय?"

"काही नाही," ती म्हणाली.

पुढे पुलाचा चढ लागला. तिने गिअर बदलला, आणि कानसेन बोलता बोलता थांबले. त्यांच्या तळपायाला काहीतरी लागत होतं. त्यांनी चपला काढल्या, मॅट सरकवून पाय पत्र्यावर टेकवले. ठक, ठक, ठक. हात डॅशबोर्डवर ठेवला. तिथेही तेच. चढावर जोर पडेल तसं वाढत होतं. बेअरिंग गेलं होतं. सबंध इंजिन उतरवावं लागणार होतं.

"बाजूला घे."

पूल उतरल्यावर तिने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच होतं.

"कधीपासून वाजतंय?" त्यांनी विचारलं.

"तिथेच. पहिली रेस दिली तेव्हापासून." तिने नजर खाली वळवली. "तुम्ही लोणी म्हणालात. मला वाटलं, माझेच कान वाजतायत."

"मग नाक का नाही मुरडलंस?"

"नाक?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते बॉनेटच्या कडेने का डोकावत होते, गेलं वर्षभर जेवताना तिच्या तोंडाकडे का बघत बसत होते, सगळं तिला एकदम कळलं असावं. कानसेनांना ते कळलेलं दिसलं. गाडीचं दार उघडून कुठेतरी निघून जावं, असं त्यांना वाटलं, पण पाय उचलेना.

तिने किल्ली फिरवली. तळपायाखालची ठकठक थांबली. मग ती सीटवर पूर्ण वळली, आपलं तोंड त्यांना नीट दिसेल अशी बसली, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"मी तुमच्याकडे बघत होते, बाबा."